फिबीचा फोटो नक्की कुणाचा?

शनीला फिबी नावाचा एक चंद्र आहे. कुठलंही पुस्तक उघडा, शोधक म्हणून एकच नाव दिसेल: विल्यम हेन्री पिकरिंग, १८९९. पण हा पिकरिंग होता अमेरिकेत, हार्वर्डच्या वेधशाळेत. फोटोच्या ज्या काचांवर (तेव्हा फिल्मच्या जागी काच असायची) फिबी उमटली त्या एक्स्पोज केल्या पेरूतल्या आरेकिपाजवळ, डेलाइल स्ट्युअर्ट नावाच्या सहायकानं, ऑगस्ट १८९८ मध्ये. म्हणजे फोटो काढला एकानं आणि नाव लागलं दुसऱ्याचं.

फोटोच्या धंद्यातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. सांगलीत आमचा स्टुडिओ होता, अण्णांनी सुरू केलेला. पुढं दादा कॅमेऱ्यावर उभा राहिला आणि मी डार्करूममध्ये. लग्नात मिरवायचा दादा. फेटा त्याला, जेवणाच्या पंगतीत आग्रह त्याला. मी मागं लाल बल्बखाली हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाच्या, वासात. अल्बम हातात पडला की लोक म्हणायचे, "दादांनी काय फोटो काढलाय!" नवरीच्या गालावरची पुटकुळी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून घालवलेली असायची ती मी. ती दिसायची नाही, हाच तर त्या कामाचा मुद्दा.

तेव्हा माझा कल कुठं आहे ते आधीच सांगून टाकतो. मी पिकरिंगच्या बाजूचा, कारण निगेटिव्ह वाचली त्यानं. दादा अर्थातच स्ट्युअर्टच्या बाजूचा. गेले काही दिवस फोनवर आमचं हेच चाललंय. वहिनी म्हणाली, घरचे विषय संपले वाटतं.

आता त्या काचेविषयी. आरेकिपाला हार्वर्डनं दक्षिणेकडचं आकाश टिपायला एक ठाणं उभारलं होतं, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार मीटरवर, मिस्ती ज्वालामुखीच्या पायथ्याशी. तिथं ब्रूस दुर्बीण होती. न्यूयॉर्कच्या कॅथरीन वुल्फ ब्रूस या बाईंनी पन्नास हजार डॉलर दिले, त्यातून ती झाली. चोवीस इंची भिंग, आणि डोळा लावून बघण्यासाठी नाहीच मुळी, फक्त फोटोसाठी. तिला लागायची १४ बाय १७ इंचांची काच. अण्णांच्या काळातल्या आमच्या प्लेटा हाफ साइझच्या, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. तेवढ्या हाताळतानाही जीव मुठीत असायचा. अंधारात इमल्शनची, म्हणजे उजेड टिपणाऱ्या लेपाची, बाजू कुठली हे कळायला अण्णा कोपऱ्याला ओला ओठ लावायचे. चिकटली तर ती इमल्शनची, नाही चिकटली तर नुसती काच. मी लहानपणी हे बघून शिकलो आणि कैक वेळा ओठाला जिलेटिनची ती गुळमट चव घेऊन जेवायला बसलोय. सतरा इंची काच अशी ओठाशी नेताना स्ट्युअर्टचं काय होत असेल देव जाणे. कदाचित तो बोट लावत असेल.

त्या दुर्बिणीनं काचेवर येणारं प्रमाण बघण्यासारखं आहे. आकाशातल्या एका कलेला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाला, एक मिलिमीटर. पौर्णिमेचा चंद्र तीस-एकतीस मिलिमीटरचा उमटेल. शनीची चकती खरं तर अर्धा मिलिमीटरही भरत नाही. पण फिबी शनीपेक्षा वीस लाखांहून जास्त पटींनी मंद. ती उमटायला दोन-दोन तास एक्स्पोजर द्यायचं, म्हणजे शनीचं काय होणार? तो जळणार. लग्नघरातल्या फोटोत मागची उघडी खिडकी जळते ना, तसा. शिवाय काचेला मागच्या बाजूनं उजेड परततो आणि तेजस्वी ठिपक्याभोवती धुरकट कडं धरतं. हॅलेशन म्हणतात त्याला. त्याच्या आसपास काही दिसायची आशा नाही. फिबी सापडली याचं एक कारण म्हणजे ती शनीच्या जवळ नाहीच. सरासरी एक कोटी एकोणतीस लाख किलोमीटर लांब, आपला चंद्र आपल्यापासून आहे त्याच्या तेहतीस पट. काचेवर हे अंतर जास्तीत जास्त तीन-साडेतीन सेंटीमीटर. हॅलेशनच्या कितीतरी बाहेर, हजारो ताऱ्यांच्या गर्दीत एक जास्तीचा ठिपका.

ऑगस्टच्या १६, १७ आणि १८ तारखांना चार काचा एक्स्पोज झाल्या. तिकडं तेव्हा हिवाळा. अशा एक्स्पोजरला माणूस दुर्बिणीपासून हलू शकत नाही. एका ताऱ्यावर डोळा ठेवून बसायचं, तो भिंगातल्या तारांच्या फुलीवरून जरा सरकला की हातानं दुर्बीण सावरायची. दादाचा सगळा वकिली मुद्दा इथं आहे. "दोन तास थंडीत बसला कोण?" बरोबर आहे. बसला स्ट्युअर्टच.

मग काचा खोक्यांत भरून समुद्रमार्गे बॉस्टनकडं. पिकरिंगच्या हातात त्या नीट तपासायला आल्या आणि त्याला ठिपका दिसला तो १८९९ च्या मार्चमध्ये, सात महिन्यांनी. त्याची रीत अशी: एका काचेवर दुसऱ्या रात्रीची काच ठेवायची, किंचित सरकवून. मग प्रत्येक ताऱ्याची जोडी दिसते, सगळ्या जोड्या एकाच दिशेला, एकाच अंतरानं. ज्याला जोडीदार नाही तो हललेला.

ऐकायला सोपं आहे. करून बघा. निगेटिव्हमध्ये तारे काळे, आकाश पारदर्शक. दोन्ही इमल्शन समोरासमोर आणली तर एक चित्र उलटं होईल, म्हणून दोन्हींच्या मध्ये एका काचेची जाडी राहतेच. भिंगातून एकावर फोकस केला की दुसरी जरा सुटते. डोकं हललं की जोड्या हलतात. वर इमल्शनमधले दोष: कुठं बारीक काळा कण, कुठं डेव्हलपर नीट न फिरल्यानं आलेला डाग. साडेपंधरा-सोळाव्या प्रतीचा, म्हणजे अगदी मंद, तारा आणि कारखान्यातून आलेला काळा कण यांत फरक काय? ताऱ्याच्या ठिपक्याची कड जराशी विरघळलेली असते, कणाची कापल्यासारखी. आयुष्यभर असले ठिपके घालवण्याचा पगार घेतला म्हणून सांगतो, शंभरातले नव्याण्णव घालवायचेच असतात. हा ठेवायचा, असं म्हणायला वेगळी छाती लागते.

दुर्बिणीला डोळा लावून नव्हे तर फोटोतून सापडलेला हा पहिला चंद्र. त्याआधी सात वर्षं, १८९२ मध्ये, बर्नार्ड या खगोलज्ञानं गुरूचा अमाल्थिया हा चंद्र डोळ्यानं शोधला होता. नंतर तसं कुणाला जमलं नाही.

पिकरिंग भावांची गोष्ट मात्र मला जास्त जवळची वाटली. हार्वर्ड वेधशाळेचा संचालक होता एडवर्ड, थोरला. विल्यम धाकटा. आरेकिपाच्या ठाण्यावर १८९१ मध्ये थोरल्यानं धाकट्याला पाठवलं होतं, ताऱ्यांचे फोटो काढ म्हणून. यानं काय केलं, तर मंगळाकडं दुर्बीण लावून डोळ्यानंच बघत बसला आणि मंगळावर तळी दिसली अशा तारा वर्तमानपत्रांना धाडल्या. खर्चही हाताबाहेर. शेवटी एडवर्डनं त्याला परत बोलावलं आणि दुसरा माणूस नेमला. म्हणजे फिबी सापडली तेव्हा विल्यम आरेकिपात नव्हता याचं कारण ते. त्या दुर्बिणीशी त्याला उभं करायची भावाची तयारी नसावी, असं माझं मत. पुरावा मागू नका. आणि शोध जाहीर करणारं परिपत्रक काढलं ते थोरल्यानंच. हे दादाला वाचून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ हसत होता.

जाहीर झालं खरं, पण पुढची काही वर्षं फिबी कुणाला सापडेना. शनी तेव्हा आकाशगंगेच्या ऐन गर्दीतून चालला होता, ठिपक्यांत ठिपका मिळायचा कसा? लोक दबक्या आवाजात म्हणू लागले, प्लेटवरचा डाग असेल. १९०४ मध्ये आरेकिपाच्या नव्या काचांवर ती पुन्हा मिळाली, आणि त्याच बर्नार्डनं अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेच्या चाळीस इंची दुर्बिणीतून डोळ्यानं पाहिली. तेव्हा कळलं की ती उलटी फिरते. शनी स्वतःभोवती ज्या दिशेनं फिरतो, टायटन, रिया, आयापेटस हे त्याचे मोठे चंद्र ज्या दिशेनं फिरतात, त्याच्या विरुद्ध. एक फेरी सुमारे साडेपाचशे दिवसांची.

इथं गोष्ट संपली असती तर पिकरिंग निर्विवाद जिंकला असता. पण १९०५ मध्ये त्यानं शनीचा दहावा चंद्र जाहीर केला. थेमिस. एकदोन नव्हे, तेरा प्लेटांवर त्याला तो दिसला होता, कक्षासुद्धा मांडली होती. १९०६ मध्ये फ्रेंच अकादमीनं त्याला लालांद पारितोषिक दिलं, शनीच्या नवव्या आणि दहाव्या चंद्रांच्या शोधासाठी. आणि थेमिस? पुन्हा कुणालाही, कधीही दिसली नाही. नाहीच ती. तोच माणूस, तशाच काचा, तीच नजर. एकदा डाग म्हणून टाकला जाणारा ठिपका चंद्र निघाला, दुसऱ्यांदा चंद्र म्हणून ठेवलेला ठिपका काहीच नव्हता. दादा हे नाव वारंवार घेतो. मी म्हणतो, दोनांत एक बरोबर आला, निगेटिव्हवरचे डाग काढणाऱ्या रिटचरला एवढं पुष्कळ झालं.

बरं, फिबी आहे कशी? १९८१ मध्ये व्हॉयेजर २ यानानं बावीस लाख किलोमीटरवरून तिचे फोटो घेतले, त्यात ती जेमतेम अकरा पिक्सेल रुंद आली. म्हणजे पासपोर्ट फोटोत शर्टाचं बटण जेवढं येतं तेवढीही नाही. खरा फोटो मिळाला ११ जून २००४ ला. कॅसिनी यान शनीच्या कक्षेत शिरायच्या एकोणीस दिवस आधी तिच्यापासून २,०६८ किलोमीटरवरून गेलं. ती इतकी बाहेर आहे की एकदा आत शिरल्यावर पुन्हा जवळून गाठ पडणं शक्य नव्हतं. म्हणून यान शनीला पोचायची तारीखच अशी धरली होती की जाताजाता फिबी वाटेत यावी. मुहूर्त काढल्यासारखं. फोटोग्राफर म्हणून मला हे नियोजन फार आवडतं. एकच फेरी, रीटेक नाही.

ते फोटो बघताना लोक म्हणतात, चंद्रासारखी राखाडी दिसते की. नाही. तो प्रिंट उजळ काढलाय. आमच्याकडं एक्स्पोजर मोजायला ग्रे कार्ड असायचं, पडलेल्या उजेडातला १८ टक्के परत देणारं. उजेड मोजणारा मीटर सगळं जग त्या १८ टक्क्यांत बसवायला बघतो. फिबीचा पृष्ठभाग परत देतो सहा ते आठ टक्के. त्यात शनीपाशी ऊन आपल्या नव्वदाव्या हिश्शाचं, म्हणजे साडेसहा स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). तिच्या काळेपणाचा आणखी सव्वा स्टॉप धरा. कागदावर हिशोब केला तर १०० एएसएच्या फिल्मला एफ-४ वर सेकंदाचा सातवा-आठवा भाग येतो. हातात धरून निघणारा फोटो नव्हे हा, आणि यान तर सेकंदाला काही किलोमीटर पळतंय. तरीही काही फ्रेममध्ये दहा-पंधरा मीटरचा तपशील आहे. खड्ड्यांच्या भिंतींवरून पांढरे ओघळ आलेत. वरची काळी माती घसरली तिथं खालचं बर्फ उघडं पडलंय. प्रिंट कितीही उजळला तरी हे ओघळ जळू न देणं म्हणजे कसब. ज्यानं कुणी ते प्रोसेस केलं त्याला माझा नमस्कार. फोटोखाली नाव संस्थांचंच आहे.

आकारानं ती २१३ किलोमीटर, सांगली ते पुणे गाडीरस्ता आहे त्यापेक्षा जरा कमीच. ढोबळ गोल, पण सगळीकडून ठोकलेली. सर्वांत मोठा खड्डा जेसन, शंभरेक किलोमीटरचा. सव्वानऊ तासांत ती स्वतःभोवती फिरते. बर्फ, गोठलेला कार्बन डायऑक्साइड, खडक. घनता पाण्याच्या सुमारे १.६ पट, शनीच्या आतल्या बर्फाळ चंद्रांच्या मानानं जड. शनी घडताना त्याच्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या चकतीत जन्मली असती तर त्या चकतीच्या दिशेनंच फिरली असती. उलटी फिरते, तिरकी आहे, मालमसाला वेगळा आहे. नेपच्यूनच्या पलीकडच्या पट्ट्यातून आलेली आणि शनीनं कधीकाळी धरून ठेवलेली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आणि ती धूळ सांडते. बारीकसारीक आघात होत राहतात, माती उडते, तिची ओढ इतकी क्षीण की माती परत येत नाही. २००९ मध्ये स्पिट्झर या अवकाशातल्या दुर्बिणीनं अवरक्त प्रकाशात या धुळीचं कडं पकडलं. शनीच्या नेहमीच्या कड्यांना ते सत्तावीस अंशांनी तिरकं, आणि इतकं अवाढव्य की डोळ्यांना दिसलं असतं तर शनीच्या दोन्ही अंगांना एकेक पूर्ण चंद्र ठेवल्याएवढं भरलं असतं. पण विरळ किती, तर एक किलोमीटर लांब, रुंद, उंच अशा जागेत दहा-वीस कण. असल्या निगेटिव्हला आम्ही ब्लँक म्हणून टाकून दिली असती.

हे कण हळूहळू आत सरकतात आणि समोरून येणाऱ्या आयापेटसच्या तोंडावर बसतात. आयापेटस १६७१ मध्ये सापडला तो जोव्हानी डोमेनिको कासिनीला, ज्याच्या नावाचं ते यान. त्याला हा चंद्र शनीच्या पश्चिमेला असला की दिसायचा, पूर्वेला गेला की गायब. त्यानं अंदाज बांधला की याची एक बाजू काळी असणार. पूर्वेकडं तो त्याला दिसला थेट १७०५ मध्ये, चांगली दुर्बीण मिळाल्यावर. चौतीस वर्षं. अंदाज बरोबर होता. काळं तोंड मुळात फिबीच्या धुळीनं झालं, आणि काळी जागा जास्त तापते, तिथलं बर्फ उडून पांढऱ्या बाजूला जाऊन बसतं, म्हणून फरक वाढत गेला. फिबी कुणाला ठाऊकही नव्हती तेव्हापासून तिची करामत बघितली जात होती.

आता शनीचे चंद्र किती? मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नवे मान्य झाले, बेरीज २७४. बहुतेक सगळे असेच बाहेरचे, तिरके, पुष्कळसे उलटे. रीत वाचली आणि मी खुर्चीत सरळ बसलो. हवाईतल्या दुर्बिणीतून ओळीनं घेतलेल्या फ्रेम एकावर एक ठेवायच्या, पण चंद्राच्या अंदाजे चालीएवढी प्रत्येक फ्रेम सरकवत. तारे ओढल्यासारखे रेघा होतात आणि जो त्या चालीनं चालतो तो एका जागी गडद होत जातो. काच सरकवून ठेवायची तीच युक्ती, फक्त काच नाही आणि मान अवघडत नाही.

हार्वर्डकडं अशा काचा पाच लाखांवर आहेत. हेन्रिएटा लेव्हिट यांनी दक्षिण आकाशातल्या मॅगेलनच्या मेघांतले रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारे, तारे शोधले तेही आरेकिपाच्या ब्रूस काचांवरच. जानेवारी २०१६ मध्ये तिथं पाण्याची मोठी पाइप फुटली आणि साठेक हजार काचा पाण्यात गेल्या. त्या बुरशी धरू नये म्हणून गोठवून ठेवल्या, मग एकेक साफ केल्या. २०१९ च्या महापुरात आमच्या जुन्या जागेत कृष्णा माळ्यापर्यंत आली होती, तेव्हा हे ठाऊक असतं तरी एवढा बर्फ आणायचा कुठून? ओल्या निगेटिव्ह गठ्ठ्यानं वाळल्या की जिलेटिन जिलेटिनला चिकटतं, मग सुटत नाही. काही वाचल्या, बऱ्याच गेल्या.

हार्वर्डच्या त्या काचा आता स्कॅन झाल्यात. पण स्कॅन करायच्या आधी त्यांनी एक केलं. काचेच्या मागच्या बाजूला शंभर वर्षांत लोकांनी शाईनं केलेल्या खुणा होत्या. गोल, बाण, आकडे, "हा बघ" अशा धर्तीचं सगळं. बहुतेक लेव्हिटबाईंसारख्या मोजणीच्या खोलीत बसणाऱ्या बायकांच्या हातचं. आधी त्या खुणांसकट काचेचा फोटो घेतला आणि मग काच पुसली, म्हणजे ताऱ्यांचं मोजमाप बिनचूक होईल. ऐतिहासिक म्हणून काही मोजक्या तेवढ्या तशाच ठेवल्या.

मला हे पटलं नाही. फोटो ठेवला म्हणून काय झालं, त्या काचेवर हात कुणाचा फिरला याची ती एकच सही होती. दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "स्कॅनरखाली निगेटिव्ह स्वच्छच पाहिजे. बोटाचे ठसे दिसले की अण्णा तुला काय बोलायचे, आठवतंय ना?" आठवतंय. पण ते ठसे होते, खुणा नव्हत्या. रविवारी तो इकडं येणार आहे, तेव्हा बोलू.